ट्रेडमिल : सक्तमजुरीपासून दिवाणखान्यापर्यंत

मंडळी, आधी एक व्याकरणाचा प्रश्न. ट्रेडमिल तो, ती की ते? आमच्या घरात ह्यावर एकमत नाही. "नवा ट्रेडमिल घेतला" असं म्हणणारे आहेत आणि "ट्रेडमिल घेतली" असं म्हणणारेही. माझं मत 'ती'च्या बाजूने. कारण साधं आहे. ह्या शब्दातल्या 'मिल'चा अर्थ गिरणी, आणि गिरणी ही 'ती'च असते. 'ट्रेड' म्हणजे इथे व्यापार नव्हे, पाय देणे, तुडवणे. म्हणजे पायाने चालवायची गिरणी. नाव ठेवणाऱ्याने हे अलंकारिक अर्थाने ठेवलं नव्हतं. ती खरोखरच धान्य दळायची गिरणी होती, आणि ती चालवणारे कैदी होते.

हे सगळं आज सांगायचं कारण म्हणजे देशातून येणारे फोन. पूर्वी विचारत, "तिकडे लॅपटॉप स्वस्त मिळतो का रे?" आता मामा, मित्र, मित्रांचे सासरे विचारतात, "घरी पळायला ट्रेडमिल घ्यायचीय, कुठली घेऊ?" मी मिनेसोटात राहतो. इथे जानेवारीत रात्रीचं तापमान उणे वीसपर्यंत सहज जातं आणि फुटपाथवर बर्फाची काच होते, त्यामुळे घरोघरी बेसमेंटमध्ये हे यंत्र असतं. त्यात मी संशोधक इंजिनिअर, म्हणून मला कळत असणार असा लोकांचा समज. कुठली कंपनी चांगली ते मी सांगणार नाही. पण हे यंत्र कुठून आलं ते नीट कळलं, की त्यात काय बघायचं ते आपोआप कळतं असं माझं मत आहे. तेव्हा आधी इतिहास, मग खरेदी.

गोष्ट सुरू होते विल्यम क्युबिट नावाच्या इंग्रज इंजिनिअरपासून. जन्म १७८५, नॉरफोक परगण्यातला, आणि मुलगा गिरणीवाल्याचा. १८०७ साली ह्याने पवनचक्कीच्या अशा पात्यांचं पेटंट घेतलं, जी वाऱ्याचा जोर वाढला की आपली आपण उघडझाप करून वेग आवरतात. हुशार माणूस. १८१८ च्या सुमाराला त्याचं लक्ष तुरुंगातल्या रिकामटेकड्या कैद्यांकडे गेलं. हाताला काम नाही, म्हणून दिवसभर टवाळक्या आणि भांडणं. गिरणीवाल्याच्या मुलाला ह्यावर काय सुचणार? गिरणीच.

त्याने एक लांबलचक लाकडी पिंप आडवं बसवलं. त्याच्या बाहेरच्या अंगाला, पाणचक्कीला फळ्या असतात तशा पायऱ्या. कैद्यांनी ओळीने उभं राहायचं, छातीसमोरची दांडी धरायची आणि वरच्या पायरीवर पाय टाकायचा. वजनाने पिंप फिरतं, पायरी खाली जाते, की लगेच पुढची. चढत राहायचं आणि तिथेच राहायचं. पिंपाचा दांडा भिंतीपलीकडे जात्याला जोडलेला. १८२१ साली लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगात मोठी चक्रं बसली, त्यावर धान्य दळलं जाऊ लागलं, आणि बघता बघता हे यंत्र देशभर पसरलं. १८४२ पर्यंत ब्रिटनमधल्या निम्म्याहून अधिक तुरुंगांत ते होतं. कैदी त्याला न संपणारा जिना म्हणत.

आपल्याकडे सक्तमजुरी म्हटलं की डोळ्यांसमोर हिंदी सिनेमातले चक्की पिसणारे कैदी येतात, किंवा अंदमानच्या सेल्युलर जेलमधला कोलू. सावरकरांनी 'माझी जन्मठेप'मध्ये त्या कोलूविषयी लिहिलेलं बहुतेकांना ठाऊक असतं. जातं, कोलू आणि क्युबिटचं चक्र, तिन्हींमागे तोच शतकभराचा विचार : शरीर थकवा, म्हणजे मन वळेल.

आता जरा गणित करू, नाहीतर इंजिनिअर असल्याचा उपयोग काय? पुढे इंग्लंडच्या सरकारने प्रमाण ठरवून दिलं : दिवसाला सहा तास, त्यात पंधरा मिनिटं चढाई आणि पाच मिनिटं विश्रांती, वेग मिनिटाला ३२ फूट. ह्याचा गुणाकार होतो ८,६४० फूट, म्हणजे २,६०० मीटरच्या वर. कळसूबाईचं शिखर समुद्रसपाटीपासून १,६४६ मीटर आहे. समजा तुम्ही थेट समुद्राच्या पाण्यातून निघून कळसूबाई चढलात आणि वर गेल्यावर आणखी हजार मीटर डोंगर शिल्लक निघाला, तर ती झाली कैद्याची एका दिवसाची मजुरी. उद्या पुन्हा तेवढीच, आणि तीही तुरुंगातल्या अन्नावर.

शक्तीत मोजायचं तर ६५ किलोचा माणूस मिनिटाला ३२ फूट चढताना साधारण शंभर वॅट काम करतो, म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बाएवढं. एका चक्रावर अशी २४ माणसं धरली तर झाले चोवीसशे-पंचवीसशे वॅट, सुमारे सव्वातीन अश्वशक्ती. हा आकडा जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पण खरी मेख वेगळीच होती. बऱ्याच तुरुंगांत चक्राच्या पलीकडच्या टोकाला दळायला काहीच नसे. तिथे नुसता पंखा लावलेला असे, चक्र फार जोरात फिरू नये म्हणून. कैदी वारा दळत! घाण्याच्या बैलाला निदान तेल तरी निघतं. न्यूयॉर्कच्या तुरुंगातही १८२२ साली हे यंत्र आलं. त्याविषयी तिथल्या जेम्स हार्डी नावाच्या माणसाने १८२४ मध्ये पुस्तक लिहिलं, आणि त्याचं निरीक्षण मला फार मोलाचं वाटतं : ह्या यंत्राचा धाक त्याच्या कष्टात नसून एकसुरीपणात आहे. आपल्या घरातल्या ट्रेडमिलवर तीन महिन्यांनी टॉवेल का वाळत पडतात, ह्याचं उत्तर दोनशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेलं आहे.

ह्या इतिहासातलं सर्वांत काळं पान मात्र इंग्लंडमधलं नाही, जमैकामधलं आहे. १८३४ मध्ये ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी कायद्याने संपली, पण वेस्ट इंडीजमधल्या बहुतेक बेटांवर 'उमेदवारी' ह्या गोंडस नावाखाली त्याच मळ्यांवर तीच माणसं राबत राहिली. मालकाला आता स्वतः चाबूक उचलता येत नव्हता, म्हणून शिक्षा सरकारी कोठड्यांत होऊ लागल्या, आणि तिथे ट्रेडमिल बसवल्या गेल्या. जेम्स विल्यम्स नावाच्या जमैकातल्या तरुणाने आपली हकिगत सांगितली, ती १८३७ साली इंग्लंडमध्ये छापली गेली. माणसांचे हात मनगटापाशी वरच्या दांडीला पट्ट्याने बांधलेले. पाय चुकला तरी चक्र थांबत नसे. माणूस हातांवर लोंबकळे आणि फिरत्या पायऱ्या त्याच्या नडग्या सोलून काढत. बायकांनाही तेच. ही हकिगत वाचून इंग्लंडमध्ये गदारोळ झाला, आणि ठरल्याच्या दोन वर्षं आधी, १ ऑगस्ट १८३८ ला, उमेदवारीची ती पद्धत मोडीत निघाली. त्यामागे कारणं अनेक होती, पण त्यांतलं एक ही ट्रेडमिल.

इंग्लंडमध्ये मात्र ती आणखी साठ वर्षं फिरली. १८९५ मध्ये ऑस्कर वाइल्डला दोन वर्षांची सक्तमजुरी झाली, तेव्हा लंडनच्या पेंटनव्हिल तुरुंगात तोही ह्या चक्रावर चढला. १८९८ च्या तुरुंग कायद्यानंतर ही शिक्षा बंद झाली. क्युबिटसाहेबांचं काय झालं म्हणाल, तर १८५१ च्या लंडनच्या जागतिक प्रदर्शनासाठी उभारलेल्या क्रिस्टल पॅलेसच्या बांधकामावर देखरेख केली म्हणून ते 'सर' झाले. इतिहास असा.

आता गंमत पाहा. ज्या यंत्राने माणसं मोडली, त्याच यंत्रावर शरीराचं शास्त्र जन्माला आलं. १८५० च्या दशकात एडवर्ड स्मिथ नावाचा डॉक्टर लंडनच्या कोल्डबाथ फील्ड्स तुरुंगात गेला. कैद्यांना ह्या चक्रावर नेमकं किती झिजावं लागतं ते त्याला मोजायचं होतं. त्याने श्वास मोजायचं यंत्र तोंडाला लावलं आणि स्वतःच चक्रावर चढला. त्या काळी लीबिग ह्या बड्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाचं मत असं, की स्नायू काम करतात ते स्वतःतलं प्रथिन जाळून. स्मिथला दिसलं, की कष्ट वाढले की श्वासातला कार्बन डायऑक्साइड भरमसाट वाढतो, पण लघवीतला युरिया, म्हणजे प्रथिनांची राख, फारसा वाढत नाही. म्हणजे रोजच्या मेहनतीचं इंधन मुख्यतः प्रथिन नव्हेच. जिममधल्या प्रोटीन पावडरच्या जाहिरातींखाली ही गोष्ट छापली पाहिजे!

पायऱ्यांचं चक्र जाऊन सपाट फिरता पट्टा आला तो दोन वाटांनी. एक वाट प्रयोगशाळेची : १८८९ मध्ये बर्लिनला नाथान त्सुन्त्स ह्या शास्त्रज्ञाने घोड्यांचा श्वासोच्छ्वास मोजण्यासाठी असा पट्टा बनवला. दुसरी वाट चक्क नाटकाची! १८९९ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर 'बेन हर' रंगमंचावर आलं. रथांची शर्यत दाखवायची, तीही खऱ्या घोड्यांची. क्लॉड हेगन ह्या रंगमंच-तंत्रज्ञाने घोडे फिरत्या पट्ट्यांवर उभे केले. घोडे जिवाच्या आकांताने जागच्या जागी दौडतात आणि मागचा पडदा उलटा सरकतो. ह्याच हेगनला पुढे १९१३ मध्ये माणसांच्या व्यायामासाठी अशाच यंत्राचं अमेरिकन पेटंट मिळालं.

मग १९२७ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात थकव्याचा अभ्यास करणारी एक प्रयोगशाळा निघाली, आणि तीही बिझनेस स्कूलच्या तळघरात. कामगार का थकतो, हा प्रश्न कारखानदारांना पडलेला होताच. तिथे ट्रेडमिलवर पळवलेल्यांत क्लॅरन्स डीमार होता, बॉस्टन मॅरेथॉन सात वेळा जिंकलेला.

पुढची पायरी तुमच्या अगदी ओळखीची. आपल्याकडे कुणाच्या छातीत जरा दुखलं की हार्टवाले डॉक्टर 'टीएमटी' करायला सांगतात. छातीला वायरी लावून ट्रेडमिलवर चालवतात तीच. सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रॉबर्ट ब्रूस नावाचे हृदयतज्ज्ञ होते. त्यांची अडचण अशी, की झोपलेल्या माणसाचा कार्डिओग्राम नॉर्मल येतो आणि तोच माणूस जिना चढताना कोसळतो. १९५२ च्या सुमाराला त्यांनी वेन क्विंटन ह्या उपकरणं बनवणाऱ्या तंत्रज्ञाच्या मदतीने रुग्णांसाठी ट्रेडमिल तयार केली. (हेच क्विंटन पुढे १९६० मध्ये डायलिसिससाठी रुग्णाच्या हाताला जोडून ठेवायची टेफ्लॉनची नळी बनवणाऱ्यांतही होते.) ब्रूस ह्यांनी १९६३ मध्ये पक्की केलेली पायऱ्यांची पद्धत आजही जगभर वापरतात : तीन मिनिटं ताशी २.७ किलोमीटर आणि १० टक्के चढ, मग तीन मिनिटं ४ किलोमीटर आणि १२ टक्के, मग ५.५ किलोमीटर आणि १४ टक्के, असं वाढवत न्यायचं. म्हणजे पुन्हा चढच! फरक एवढाच, की आता बाजूला पहारेकऱ्याऐवजी डॉक्टर उभा आहे, आणि तुम्ही "थांबवा" म्हणालात की तो थांबवतो.

शेवटचा टप्पा घरातला. १९६८ मध्ये अमेरिकन हवाई दलातले डॉक्टर केनेथ कूपर ह्यांचं 'एरोबिक्स' हे पुस्तक आलं. आठ मिनिटांत एक मैल, असं आठवड्यातून चार-पाच वेळा पळालात तर तुमची तब्येत ठणठणीत राहील, असं त्यात होतं. न्यू जर्सीत विल्यम स्टॉब नावाचे मेकॅनिकल इंजिनिअर होते, पन्नाशी ओलांडलेले, विमानांचे सुटे भाग बनवणारा कारखाना असलेले. त्यांनी ते वाचलं आणि विचार केला, की थंडीपावसात बाहेर न जाता हे आठ मिनिटांचं पळणं घरात करता आलं तर? दवाखान्यातल्या ट्रेडमिल महाग. मग त्यांनी पोलादी रुळांवर नारिंगी पट्टा ताणून स्वस्तातलं यंत्र बनवलं आणि कूपरसाहेबांनाच पाठवलं. त्यांना आवडलं. 'पेसमास्टर ६००' हे त्याचं नाव. घरगुती ट्रेडमिलचा धंदा इथून सुरू झाला. स्टॉब २०१२ साली ९६ व्या वर्षी वारले आणि अगदी शेवटच्या महिन्यांपर्यंत स्वतःच्या ट्रेडमिलवर चालत होते. ह्यापेक्षा मोठी जाहिरात कोणती?

असो. आता खरेदी.

पहिली गोष्ट, मोटर. दुकानदार सांगेल "तीन हॉर्सपॉवर". त्याला विचारा, ही 'पीक' की 'कंटिन्युअस'? पीक म्हणजे क्षणभर काढता येणारा जोर, आणि कंटिन्युअस म्हणजे तासभर न तापता देता येणारा. आपल्याला दुसरा आकडा हवा. नुसतं चालायला दीड-दोन पुरे, रोज पळायला अडीच-तीन असावी. मघाचं गणित आठवतंय? २४ कैद्यांची मिळून सव्वातीन अश्वशक्ती होत होती. म्हणजे तुमच्या दिवाणखान्यातल्या एका मोटरीत ब्रिक्स्टनचं एक अख्खं चक्र बसलेलं आहे. तेव्हा माणसं गिरणीला शक्ती देत, आता गिरणी भिंतीतल्या प्लगमधून शक्ती घेते आणि माणसाला पळवते. ह्याचा व्यावहारिक अर्थ : गीझरला लागतो तसा मोठा पॉवर प्लग हवा, आणि घरच्या साध्या इन्व्हर्टरवर हे चालवायचा विचार सोडा.

दुसरी, तेल. मोटरीची शक्ती मुख्यतः जाते कुठे? पट्टा आणि खालची फळी ह्यांच्या घर्षणात. तुमचं वजन पट्टा फळीवर दाबतं आणि मोटर तो खेचते. फळी कोरडी पडली की घर्षण वाढतं आणि मोटर तापते. सिलिकॉन तेल वेळेवर घालणं हा निम्मा मेंटेनन्स. आणखी एक : वजनदार माणूस सावकाश चालतो तेव्हा मोटरीवरचा ताण कमी नसतो. जोर तेवढाच लागतो, आणि तिच्याच दांड्यावरचा पंखा मात्र हळू फिरतो. म्हणून "आम्ही तर नुसते चालणार" म्हणून सर्वांत हलकी मोटर घेऊ नका.

तिसरी, पट्ट्याची लांबी. ताशी १० किलोमीटरने पळताना पाऊल साधारण पाव सेकंद पट्ट्यावर असतं, तेवढ्यात पट्टा ७० सेंटिमीटर मागे जातो. त्यात बुटाची ३० सेंटिमीटर मिळवा, आणि पुढे-मागे सरकायला वीस-वीसची मोकळीक. झाले १४० सेंटिमीटर, म्हणजे ५५ इंच. त्याहून आखूड पट्टा चालण्यासाठी ठीक, पळण्यासाठी नाही. सहा फुटी माणसाने किंवा जोरात पळणाऱ्याने ६० इंची बघावा. रुंदी २० इंच असली की मन निर्धास्त राहतं.

चौथी, चढ. घरात समोरून वारा लागत नाही, म्हणून त्याच वेगाला मेहनत किंचित कमी पडते. जोन्स आणि डाउस्ट ह्या ब्रिटिश संशोधकांनी १९९६ मध्ये दाखवलं, की पळण्याच्या वेगाला १ टक्का चढ ठेवला तर मैदानाशी हिशेब जुळतो. म्हणजे चढ बदलता येणारं यंत्र हवं, पण १५ टक्क्यांसाठी जास्त पैसे मोजायची बहुतेकांना गरज नाही. आणि घरी स्वतःच्या मनाने टीएमटी करू नका! छातीत दुखत असेल किंवा घरात हृदयविकार असेल, तर आधी डॉक्टर, मग दुकान.

पाचवी, वजन. इथे उलटा न्याय : यंत्र जितकं जड तितकं चांगलं, पळताना ते हलत नाही. पळणाऱ्याचं प्रत्येक पाऊल शरीराच्या दुपटीहून अधिक जोराने आदळतं. तिसऱ्या मजल्यावर राहत असाल तर खाली जाड रबरी चटई घाला, आणि पहाटे पाचला सुरू करण्याआधी दुसऱ्या मजल्यावरच्यांशी बोलून घ्या.

सहावी, दोरी. ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महत्त्वाची. बहुतेक ट्रेडमिलना एक लाल किल्ली असते, तिला दोरी, दोरीला चिमटा. चिमटा शर्टाला लावायचा. पाय घसरला की दोरी ओढली जाते, किल्ली निघते, पट्टा थांबतो. दुकानात गेलात की आधी ही दोरी ओढून बघा, पट्टा किती पटकन थांबतो ते. घरी लहान मूल असेल तर पळून झाल्यावर किल्ली काढून कपाटात, वरच्या फळीवर. २०२१ मध्ये अमेरिकेत एका लहान मुलाचा ट्रेडमिलखाली ओढला जाऊन मृत्यू झाला आणि कंपनीला ते मॉडेल बाजारातून परत घ्यावं लागलं. चालू पट्टा लहान मुलाचा हात सोलून काढतो, हे अतिशयोक्त नाही.

बहुतेक लोक ती दोरी यंत्राच्या बाजूला लोंबकळत ठेवतात, किल्ली मात्र खाचेत. मला ते बघवत नाही. जमैकात माणसांचे हात दांडीला बांधलेले होते, म्हणजे ती पडली तरी चक्र चालू राहावं. आज तीच बांधाबांध उलटी झाली आहे : आपण पडलो तर यंत्राने थांबावं म्हणून यंत्र आपल्याला बांधलेलं आहे. मोटर, पट्टा, स्क्रीनवरचे रंगीत आकडे हे सगळं वरवरचं. शिक्षा आणि व्यायाम ह्यांत फरक एकाच गोष्टीचा, थांबवायचा अधिकार कुणाकडे आहे. तो अधिकार त्या दीड फुटाच्या दोरीत आहे.

राहता राहिला एकसुरीपणा. त्यावर दोनशे वर्षांत कुणाला यंत्र सापडलेलं नाही. तेव्हा घराजवळ बरं मैदान असेल, सकाळी सातला हवा श्वास घेण्यासारखी असेल आणि वाटेत कुत्री मागे लागत नसतील, तर पैसे वाचवा आणि चांगले बूट घ्या. पण कोकणातला जुलै असेल, फुटपाथच नसलेला रस्ता असेल, किंवा घरातल्या बाईला पहाटे एकटीने बाहेर पळणं नको वाटत असेल, तर ट्रेडमिल ही चैन नाही. खुशाल घ्या. ठेवा मात्र खिडकीसमोर, भिंतीसमोर नको. भिंतीकडे बघत चढायची शिक्षा बंद होऊन शंभरावर वर्षं झाली.